फवारणीचा निरोप

एवढ्या वर्षांच्या संसारात औषधवाल्याने दुकानातला एकच निरोप स्वतःच्या तोंडाने घरी सांगायचं कबूल केलं, आणि नेमका तोच सांगायचा राहिला. एरवी त्याचं डोकं म्हणजे चालतंबोलतं कपाट. कुणाच्या बागेत कधी फवारा, कुठल्या अळीवर काय चालतं, कुणाचा गडी सोडून गेला म्हणून यंदा खुरपणी होणार नाही आणि तणनाशकाचा एक कॅन जास्त लागेल, सगळं त्याला तोंडपाठ. विसरभोळा म्हणून त्याला कुणी नावं ठेवली नसती. म्हणून तर जे झालं ते कुणाला पटेना, आणि त्याला स्वतःला तर नाहीच.

औषध म्हणजे पिकावरचं. किडीचं, बुरशीचं, तणाचं. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं आणि गावाभोवती जिकडे नजर टाकावी तिकडे सफरचंदाच्या बागा. दुकानात शिरलं की नाकाला आधी गंधक लागायचं आणि मागून तो दुसरा वास, गोडसर, डोक्यात जाऊन बसणारा. गिऱ्हाईक शिंकायचं. मालक आणि गुमास्ता यांना आता कसलाच वास येत नसे. "आपली नाकं कंपनीने आगाऊ घेतली," असं गुमास्ता म्हणायचा.

आणि अशा माणसाच्या बायकोने मधमाश्या पाळाव्यात. लोकांना ही मोठी गंमत वाटायची. चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी विचारायचंच, "काय हो, घरी कोण मारतं कुणाला?" तो हसून म्हणायचा, "आमच्यात तह झालाय."

तह खरंच झाला होता. लग्नानंतर ती सासरी आली ती एक मधपेटी घेऊन. तिच्या वडिलांनी दिलेली, जाळीच्या कापडात गुंडाळलेली, आतून गुणगुणणारी. दागिने मोजायला बसलेल्या बायका पेटीकडे बघून मागे सरकल्या होत्या. नवऱ्याने मात्र हौसेने, दुकानातून आलेला तसाच, अंगावरच्या शर्टासकट पेटीचं झाकण उघडलं, आणि माश्यांनी त्याचा असा काही सत्कार केला की पुढचे काही दिवस गिऱ्हाइकं त्याला आवाजावरून ओळखत होती. तेव्हा नव्या नवरीने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "तुमचं दुकान दारापर्यंत. आत नको."

म्हणजे आधी कपडे. मागच्या न्हाणीघरात दुकानाचे कपडे खुंटीला, तिथेच अंघोळ, मग घरचे कपडे आणि मग उंबरा. हळूहळू त्यात बोलणंही आलं. त्याने एकदा जेवताना नव्या कीटकनाशकाचं कौतुक सुरू केलं, तर तिने भाजीचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "कपड्यांना वास येतो ना, तसा बोलण्यालाही येतो." त्यानंतर दुकानाचं बोलणंही खुंटीला लागलं. कुणाला वाटेल, मग नवरा-बायको बोलत काय असतील? भरपूर बोलत. त्याला नकला यायच्या. कोण कसा चालतो, कोण कसा घासाघीस करतो हे तो दुकानाचं नाव न काढता करून दाखवायचा, आणि ती हसता हसता पदराने डोळे पुसायची.

पेटीचं पुढे असं झालं की एकीच्या दोन, दोनाच्या चार करत तिने घरामागच्या उतारावर विटांच्या पायांवर ओळच उभी केली. पहिली राणी केव्हाच गेली. पण तिच्या लेकी, लेकींच्या लेकी असा तो वंश चालूच होता. इकडे तिचे आई-वडील गेले, भावाने घर विकलं आणि लांब कुठे जाऊन राहिला, फोनही वर्षातून एखादा. माहेर म्हणून बोट दाखवावं असं तिला या पेट्यांशिवाय काही उरलं नव्हतं. दुसऱ्या कुणाची राणी तिने कधी आणली नाही. बोलताना ती त्यांना "आमच्याकडच्या" म्हणायची.

तो चिडवायचा, "अगं, राणी तुमच्याकडची असेल, पण नर तर इथलेच ना? म्हणजे हिशेबाने बघितलं तर आता निम्म्याहून जास्त सासरच्याच."

"मीही निम्म्याहून जास्त आयुष्य इथेच काढलंय," ती म्हणायची. "म्हणून मी तुमच्याकडची झाले का?"

यावर तो हरायचा, आणि ते हरणं त्याला आवडायचं.

आता राहिला फवारणीचा प्रश्न. बागेत औषध मारायचं तर माश्या आदल्या संध्याकाळी पेटीत कोंडाव्या लागतात. सगळ्या परतल्या की पेटीचं दार लावायचं, वरून ओलं गोणपाट टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी औषध वाळेपर्यंत उघडायचं नाही. पण फवारा कधी हे मधवाल्यांना कळणार कसं? ते सगळ्यात आधी कळतं औषध विकणाऱ्याला. म्हणून या गावाची रीत अशी की ज्या दुकानातून औषध गेलं त्याच दुकानाने मधवाल्यांना फोन करायचा. हे काम गुमास्त्याकडे होतं. तो सगळ्यांना फोन करायचा आणि शेवटी मालकाच्या घरीही करायचा. तीच चाल, तोच सूर. "वहिनी, नमस्कार. औषधाच्या दुकानातून बोलतोय. उद्या सकाळी खालच्या अंगाला फवारा आहे. दारं लावून घ्या." वहिनीही म्हणायच्या, "बरं. आभारी आहे." जणू दोघांची ओळखच नाही. अशाने तहही मोडत नव्हता आणि माश्याही जगत होत्या.

ज्या दिवशी हे सगळं बिघडलं त्या दिवशी दुकानात कंपनीवाला आला होता. तरुण, इस्त्रीचा, हातात पाटीएवढा फोन. कंपनी इथे मोठं कोठार काढणार होती, आणि ते कुणाकडे द्यायचं हे ठरायचं होतं. त्याआधी वरच्या लोकांना पुढच्या दहा वर्षांच्या मागणीचा अंदाज पाहिजे होता.

"काका, खरं सांगा. दहा वर्षांनी ही औषधं लागतील का? लोक आता विनाफवारणीचं मागतात म्हणे."

औषधवाला खूश झाला. असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर तर केव्हापासून तयार होतं.

"मागतात ना. मागतात आणि मग एका फळाला ठिपका दिसला की तेवढंच बाजूला काढून ठेवतात. ठिपका नको आणि औषधही नको असं म्हणणारा माणूस शेवटी बिनठिपक्याचं उचलतो. हे लिहा."

कंपनीवाला लिहू लागला.

"दुसरं, आमचं खरं गिऱ्हाईक कोण? बागवाला नाही. किडा. तो शिकतो हो. पूर्वी पंपाला एक झाकण औषध टाकलं की मरायचा. आता दोन झाकणं पिऊन ढेकर देतो. बागवाला शिकला नाही, मी शिकलो नाही, तुमची कंपनीही सावकाशच शिकते. शिकलाय फक्त तो. तुम्ही नवीन काढा, तो त्याच्याही पुढे जाईल. शिवाय निंदायला माणसं नाहीत, म्हणून तणाला औषध. हवा बदलली, जी कीड वर्षातून एकदा यायची ती आता मुक्कामालाच असते. सरकार एक बंद करतं, त्याच्या जागी दोन येतात."

"म्हणजे मागणी वाढणार."

"दहा वर्षांनी मी असेन-नसेन. मागणी असेल."

गुमास्ता पोती लावता लावता म्हणाला, "भाऊ, हे असं बोलायला कंपनी पैसे देते का तुम्हाला? नसेल तर मागा."

तेवढ्यात बागाईतदाराचा फोन. गावातली सर्वांत मोठी बाग त्याची. फुलोऱ्यावर एकाएकी माव्याची कीड उठली होती, कोवळे शेंडे चिकट झाले होते, आणि त्याला उद्या सकाळीच फवारायचं होतं.

"अहो, फुलोरा आहे," औषधवाला म्हणाला. "थोडं थांबा. नाहीतर निदान संध्याकाळी मारा, माश्या घरी गेल्यावर."

"संध्याकाळी ट्रॅक्टर दुसरीकडे लागलाय. आणि फुलं माव्याने खाल्ली तर माश्यांना काय बाग दाखवायला नेऊ?"

औषध गेलं. गुमास्त्याने फोन हातात घेतला. एक मधवाला झाला, दुसरा झाला, एक उचलत नव्हता त्याला पुन्हा लावला. शेवटी म्हणाला, "आता वहिनी."

कंपनीवाल्याने मान वर केली. "वहिनी म्हणजे?"

"आमच्या वहिनी. भाऊंच्या घरच्या. मधमाश्या आहेत त्यांच्या."

"तुमच्याच दुकानातून तुमच्याच घरी फोन?" कंपनीवाला हसू लागला. वाईट हेतूने नाही, पण हसला. "काका, तुम्ही संध्याकाळी घरी जात नाही का?"

माणूस एवढ्याशाने शरमतो. वर्षानुवर्षं जी गोष्ट सरळ वाटत होती ती त्या पोराच्या हसण्यात एकदम खुळी दिसू लागली. कोठार मिळणार असलेला माणूस, दहा वर्षांचं बोलणारा माणूस, आणि बायकोला निरोप धाडायला गुमास्ता लागतो.

"ठेव रे तो फोन," तो म्हणाला. "घरीच तर चाललोय. मी सांगतो."

गुमास्त्याने फोन ठेवला. मग मालकाकडे बघितलं, मग पुन्हा फोनकडे. "नक्की?"

"अरे, बायको माझी आहे."

घरी जाताना त्याच्या डोक्यात दोन गोष्टी होत्या, निरोप आणि कोठार. न्हाणीघरात शिरला तेव्हाही दोन्ही होत्या. त्याने दुकानाचे कपडे खुंटीला लावले, डोक्यावरून पाणी घेतलं, साबण लावला, पुन्हा पाणी घेतलं. एवढी वर्षं रोज संध्याकाळी याच पाण्याने त्याने दुकान धुऊन काढलं होतं, आणि अंगाला तशी सवयच झाली होती की पाणी पायांवरून गेलं की डोकं रिकामं. मावा, बागाईतदार, ट्रॅक्टर सगळं मोरीतून गेलं. कोठार तेवढं गेलं नाही. आनंदाची गोष्ट साबणाने निघत नाही.

जेवताना ती त्याच्याकडे बघत होती.

"काय झालंय?"

"कुठे काय?"

"तोंडावर काहीतरी घेऊन बसलाय. मघापासून घास तोंडाजवळ नेता आणि थांबता."

त्याला खरंच वाटत होतं की काहीतरी सांगायचंय. जिभेच्या टोकाशी आलं होतं. आणि ते कोठारच असणार अशी त्याची खात्री होती. दुसरं असेल कशाला?

"दुकानाचं आहे," तो म्हणाला.

ती हसली. अगदी प्रेमाने हसली. "मग राहू दे," म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी वाढलं.

सकाळी माल उतरवायचा म्हणून तो लवकर निघाला. जाताना खिडकीतून तिला पेट्यांपाशी बघितलं. ऊन पडू लागलं होतं आणि पेट्यांच्या दारांतून माश्या निघत होत्या, एकामागून एक, सगळ्यांचं तोंड बागांकडे. हे त्याने पाहिलं. पुढे त्याला आठवायचं ते हेच, की त्याने पाहिलं होतं.

माल अर्धा उतरला तेव्हा गुमास्त्याने विचारलं, "गोणपाट घरचंच वापरलंत का? वहिनींसाठी मी इथे चार बाजूला काढून ठेवली होती, तशीच राहिली. म्हटलं, भाऊ न्यायला विसरले."

औषधवाला खोकं हातात धरून उभा राहिला.

गुमास्ता शहाणा माणूस. त्याने मालकाच्या हातातलं खोकं घेतलं आणि खाली ठेवलं. औषधवाल्याने घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ती अंगणात असली की फोन घरात असायचा.

तो गाडीवर बसला तेव्हा गुमास्ता रस्त्यापर्यंत मागे आला. "भाऊ, माझ्यावर ढकला. गुमास्ता फोन करायला विसरला म्हणा. मला वहिनी दोन शब्द बोलतील, मी ऐकून घेईन. तुमचं घर आहे."

त्याने गाडी सुरू केली. पण रस्ताभर ते वाक्य त्याच्याबरोबर होतं, आणि वाईट वाटत नव्हतं त्याला ते, हेही खरं.

ती उतारावर बसली होती, पेट्यांच्या पुढे, मातीत. जाळीचा बुरखा डोक्यावरून मागे टाकलेला. पेट्यांपुढच्या फळ्यांवर माश्या पडल्या होत्या. काही परत येऊन पडत होत्या. उतरायच्या, पाय थरथरायचे, मग पाठीवर होऊन जागच्या जागी गरगर फिरायच्या, सोंड बाहेर काढून. दारावरच्या माश्या त्यांना आत घेत नव्हत्या. वास बदललेला होता, आपल्या म्हणून ओळखत नव्हत्या. गवतात पाय ठेवायला जागा नव्हती. तो जिथे होता तिथेच थांबला. घाईत त्याच्या अंगावर दुकानाचे कपडे तसेच होते, पण त्या वासावर चिडून अंगावर यायला आता माश्याच उरल्या नव्हत्या.

"आलात," ती म्हणाली. तिच्या तळहातावर एक माशी होती, अजून फिरणारी. "गुमास्तेभाऊंचा फोन आला नाही. कधी असं होत नाही हो. त्यांच्या घरी सगळं बरं आहे ना?"

अशी मातीत बसूनही तिला गुमास्त्याच्या घरची काळजी होती. आता गुमास्त्यावर ढकलायला काही लागत नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. औषधवाला आयुष्यभर तोलूनमापून बोललेला माणूस, त्याने हेही तोललं. आणि त्याला ते जमलं नाही.

"तो करत होता फोन," तो म्हणाला. "मीच थांबवला. म्हटलं, मी सांगतो."

तिने मान वर करून पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. काल रात्री जेवताना."

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

इथे माणसाने गप्प बसावं. इथे पाया पडावं, रडावं, मातीत बसावं, काहीही करावं. पण सापडलेला माणूस आधी स्वतःची बाजू शोधतो, आणि त्याला ती सापडली.

"तू म्हणालीस, राहू दे."

वाऱ्याने दोन-तीन माश्या फळीवरून खाली पडल्या. ती त्याच्याकडे बघत राहिली, जणू त्याने काय म्हटलं ते पुन्हा नीट वाचत होती.

"हो," ती म्हणाली. "म्हणाले होते."

बोलणं खरं होतं. म्हणूनच ते बोलायला नको होतं. खोटं असतं तर ती भांडली असती, आणि भांडण कधीतरी मिटलं असतं. तिने तळहातावरची माशी खाली ठेवली, उठली आणि घरात जाऊन केरसुणी घेऊन आली. तो हात पुढे करत होता ते तिने पाहिलं नाही, किंवा पाहिलं.

बाहेर गेलेल्या सगळ्या गेल्या. आत कोवळ्या माश्या होत्या, अळ्या होत्या, पण त्यांना भरवणारं कुणी नव्हतं, आणि त्या सकाळी जे परागकण आत आले होते तेही विषारीच. रोज एकेका पेटीचा आवाज बंद होत गेला. ती कान लावून ऐकायची आणि पुढे सरकायची. जगलेल्या सगळ्या तिने एका पेटीत गोळा केल्या, ओंजळभर असतील, मधोमध राणी. साखरेचं पाणी कापसाने थेंब थेंब ठेवलं. पेटीला घरातली जुनी रजई गुंडाळली. तो बाजूला उभा राहायचा, काही लागलं तर द्यायला. काही लागत नव्हतं.

राणी बाकीच्यांपेक्षा जास्त जगली. एका दुपारी ती पोळ्यावर एकटीच फिरत होती, एका घरातून दुसऱ्या घरात डोकावत, अंडी घालायला जागा शोधत. घरं सगळी रिकामी होती, जागाच जागा होती. बायकोने पेटीचं झाकण हळूच लावलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं नाही.

त्या रात्री ती म्हणाली, "भावाला कळवावं का, असं मनात आलं." मग स्वतःच म्हणाली, "काय कळवू? त्याला आठवतही नसेल वडिलांनी काय दिलं होतं ते."

औषधवाल्याला वाटलं, आता बोलायची वेळ आली. त्याने ते वाक्य बरेच दिवस मनात घोळवलं होतं.

"मी दुकान बंद करतो."

"कशाला?"

"तुझ्यासाठी."

"तुम्ही बंद केलंत तर बागाईतदार फवारा बंद करणार आहे का?"

कंपनीवाल्याला त्यानेच तर सगळं समजावून सांगितलं होतं. किडा शिकतो, माणसाला ठिपका चालत नाही, निंदायला कुणी नाही.

"पलीकडच्या गावातून आणेल," ती म्हणाली. "तो दुकानदार मधवाल्यांना फोनही करत नाही. तुमचं दुकान आहे तेच बरं आहे."

हे ती रागाने म्हणाली नव्हती. हिशेब बरोबर होता. त्याच्या बायकोला त्याचा धंदा त्याच्याइतकाच कळत होता, हे त्याला त्या रात्री समजलं. इतकी वर्षं तिने तो दाराबाहेर ठेवला होता, पण कळत नव्हता म्हणून नव्हे.

कंपनीवाला पुन्हा आला. त्याला अंदाज सहीनिशी पाहिजे होता. "काका, मागच्या वेळी बोललात तेच ना? की काही कमी करू?" औषधवाल्याला फार वाटलं की कमी म्हणावं. एकदा, निदान कागदावर, त्या किड्याला मूर्ख ठरवावं, लोकांना ठिपक्याचं फळ खायला लावावं, वर्षागणिक ती रेघ खाली खाली न्यावी. पण त्याला धंद्यात खोटं लिहिता येत नव्हतं.

"तेच," तो म्हणाला. "थोडं वाढवा. माश्या कमी झाल्या की फळ कमी धरतं. मग जे धरलंय त्याला लोक आणखी जपतात."

गुमास्ता आत निघून गेला.

कोठार मिळालं. घरी त्याने ते सांगितलं नाही, कारण आता काय सांगायचं आणि काय नाही हेच त्याला कळेनासं झालं होतं. त्याऐवजी त्याने दूरच्या एका मधवाल्याकडून भरलेली पेटी विकत घेतली. चांगली, जोमदार वसाहत. गाडीवर पुढ्यात ठेवून, सावकाश, खड्डे चुकवत आणली. स्वच्छ कपडे घालून गेला होता. उतारावर विटांच्या पायांवर ठेवली आणि तिला हाक मारली.

तिने झाकण उघडलं, एक चौकट उचलून उन्हात धरली, उलटसुलट बघितली. माश्या तिच्या बोटांवरून फिरल्या, चावल्या नाहीत.

"चांगल्या आहेत," ती म्हणाली. "राणी तरुण आहे."

"तुझ्या होतील हळूहळू."

"हो ना." तिने चौकट जागेवर बसवली. "बिचाऱ्यांचं काय चुकलं त्यात. सांभाळायला तर पाहिजेच."

आणि तिने त्या सांभाळल्या, काही कमी केलं नाही. पाणी, सावली, मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीखाली पाण्याच्या वाट्या. फक्त त्यांना ती काहीच म्हणत नसे. त्या माश्या होत्या.

तह त्या फवाऱ्याच्या दिवसापासूनच संपला होता. दोघांपैकी कुणी तसं म्हटलं नाही. संध्याकाळी तो घरी आला की ती पहिला प्रश्न विचारायची, "उद्या कुणाकडे?" तो सांगायचा. उद्या खालची बाग, परवा नदीकाठची, बुरशीचं आहे, माश्यांना फारसं नाही, पण दार लावलेलं बरं. ती नीट ऐकून घ्यायची, एखादा नेमका प्रश्न विचारायची, वारा कुठला असेल, किती वेळ चालेल. फवारण्या वाढत होत्या, त्यामुळे सांगायलाही पुष्कळ असायचं. बाहेरच्याला वाटलं असतं, काय एकजीव आहेत नवरा-बायको, जेवताना सगळा धंदा बोलतात.

एकदा बागाईतदार दुकानात पायरीवरून घसरला आणि पडता पडताही भाव कमी करा म्हणत राहिला. गुमास्ता हसून हसून खाली बसला. औषधवाल्याने ते दिवसभर मनात जपून ठेवलं. घासाघीस करताना माणूस कसा पडतो, हात कुठे जातो, डोळे कुठे जातात, सगळी तयारी केली. जेवायला बसल्यावर म्हणाला, "आज ना, बागाईतदार आला होता."

तिने हातातला घास ताटात ठेवला. चेहरा सावध झाला.

"कधी मारतोय?" तिने विचारलं.

"मारत नाहीये. तो नुसता—" तो थांबला. तिची नजर खिडकीबाहेर उताराकडे गेली होती, दार लावायला अजून उजेड आहे का ते बघत. "परवा," तो म्हणाला. "बहुतेक परवा."

"सकाळी की संध्याकाळी?"

"विचारून सांगतो."

"विचारा," ती म्हणाली, आणि जेवू लागली.